हंसामागचं रबर

१९३२ साली सिट्रोएनच्या मोटारींवर एक हंस अवतरला. एकावर एक रचलेले दोन कोन ही त्या फ्रेंच कंपनीची खूण. तिच्या पुढ्यात हा हंस पाण्यावर तरंगताना दिसतो. त्याला वेगाची जाहिरात करायची नव्हती, रंगरूपाचीही नाही. इंजिन आणि चासी यांच्यामध्ये बसवलेल्या रबरी माउंटिंगची ती द्वाही होती. बॉनेट उघडूनही सहज दिसत नाही अशा भागासाठी एवढ्या मोठ्या कंपनीनं आपल्या चिन्हापुढे पक्षी आणून बसवावा, याचं मला फार अप्रूप वाटलं. आज हौशी मंडळी झिजलेलं रबर काढून पॉलियुरेथेनचे कडक ‘पीयू बुश’ ठोकतात, त्या उद्योगाचं मूळ याच हंसाशी जाऊन भिडतं.

गुडइयरनं १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांनी रबर टिकाऊ केलं, हे सर्वांना ठाऊक आहे. सुरुवातीच्या कितीतरी मोटारींत मात्र इंजिन चासीला थेट बोल्टानं आवळलेलं असे. चार सिलिंडरांच्या इंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, त्यामुळे तोल साधला असं वाटतं. पण कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्यानं दोन्ही जोड्यांची गती तंतोतंत जुळत नाही, आणि क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा धक्का शिल्लक राहतो. लँचेस्टर नावाच्या अभियंत्यानं त्यावर दुप्पट वेगानं उलटसुलट फिरणारे वजनी दांडे सुचवले. उपाय चोख, पण महागडा. श्रीमंतांनी सरळ सहा-आठ सिलिंडरांची गाडी घेतली.

१९३१ मध्ये क्रायस्लरनं स्वस्तातल्या प्लिमथ गाडीत ‘फ्लोटिंग पॉवर’ आणली. यात खरी करामत रबराची नव्हतीच, जागेची होती. पुढचा आधार उंचावर, पाण्याच्या पंपाखाली. मागचा गिअरबॉक्सच्या शेपटाशी, खाली. या दोन बिंदूंना जोडणारी तिरपी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जाते. त्या रेषेभोवती इंजिनाला हवं तसं झुलू दिलं, की त्याची थरथर चासीपर्यंत जवळपास पोचतच नाही. फार झुलू नये म्हणून बाजूला पाट्याची एक स्प्रिंग दिली होती. चार सिलिंडरांच्या खर्चात आठ सिलिंडरांची शांतता, असा कंपनीचा दावा होता.

हे डोकं कुणाचं, यावर मात्र दोन तट आहेत. अमेरिकी बखरी सगळं श्रेय क्रायस्लरच्या अभियंत्यांना देतात. फ्रेंच बखरींत पिएर लमेर आणि पॉल दोबारेद ही दोन नावं येतात: कल्पना त्यांची, क्रायस्लरनं ती घेतली आणि सिट्रोएननं पुढे क्रायस्लरकडूनच परवाना घेतला. म्हणजे फ्रान्समध्ये जन्मलेली युक्ती अटलांटिक ओलांडून गेली आणि पैसे मोजून माघारी आणावी लागली! तिसरा दावेदारही आहे. दोन धातूच्या नळ्यांमध्ये रबर दाबून बसवण्याची लेओं तिरीची ‘सायलेंटब्लॉक’ ही रीत. आजच्या बुशचा आकार पाहिला तर थेट पूर्वज तीच वाटते.

माझं मत फ्रेंच बाजूला झुकतं, पण पूर्णपणे नाही. तिरीनं बुश दिला. रबराला कसं धरावं हे त्यानं शिकवलं. इंजिनाला कुठे धरावं हा वेगळाच प्रश्न होता, आणि हंस तरंगला तो त्याच्या उत्तरावर. हे उत्तर मी लमेर-दोबारेद यांच्याच पदरात टाकतो. क्रायस्लरचं मोठेपण असं, की दोन जाणकारांची ही युक्ती त्यांनी चैनीच्या नव्हे, सामान्यांच्या गाडीत घातली. सिट्रोएनचं मात्र १९३४ च्या अखेरीस दिवाळं वाजलं आणि कंपनी गेली मिशलँच्या, म्हणजे एका रबरवाल्याच्याच हाती.

आपल्याकडेही या घराण्याचा एक धागा आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्याला गाड्या जोडायला घेतल्या त्या क्रायस्लरशी करार करून; डॉज आणि प्लिमथ तिथूनच बाहेर पडल्या.

पॉलियुरेथेनचा उगम अगदीच निराळा. अमेरिकेतल्या ड्यू पाँच्या नायलॉनची पेटंटं टाळून दुसरं काही गवसतं का, या धडपडीत लेव्हरकुसेनच्या ओटो बायरनं १९३७ मध्ये हे रसायन घडवलं. मोटारीचा बुश त्याच्या ध्यानीमनीही नसणार. तेल सांडलं तर नैसर्गिक रबर फुगतं, भेगाळतं. पॉलियुरेथेन दाद देत नाही. शर्यतवाल्यांना ते आवडलं ते त्याच्या ताठपणामुळे: क्लच सोडताच इंजिन मागे कलंडत नाही, ताकद लगेच चाकांना मिळते, गिअर नेमका पडतो.

पण त्याची किंमत मोजावी लागते. मिनिटाला ७५० फेऱ्यांवर संथ चालणारं चार सिलिंडरांचं इंजिन सेकंदाला २५ हादरे देतं. हादऱ्यांची ही गती माउंटिंगवरच्या इंजिनाच्या स्वतःच्या झोक्यांपेक्षा साधारण १.४ पटीहून जास्त असेल, तरच रबर ते हादरे गिळतं. समजा मऊ रबरावर हे झोके सेकंदाला १२ आहेत. बुश दुप्पट ताठ केला तर ते १७ होतात आणि आपण अगदी काठावर येतो. तिप्पट केला तर २१. मग बुश हादरा गिळायचं सोडून वाढवून चासीत ढकलतो. सिग्नलला थांबल्यावर आरसा थरथरतो, डॅशबोर्ड खडखडतो, तो यामुळे.

म्हणून माझा आग्रह एवढाच, की आडव्या इंजिनाच्या गाडीत इंजिनाचं वजन तोलणारी माउंटिंग झिजली असतील तर तिथे रबरच बसवावं. ताठपणाची हौस खालच्या टॉर्क रॉडवर भागवावी. त्याच्यावर वजन नसतं, तो फक्त इंजिनाचं कलंडणं रोखतो. प्लिमथमधल्या त्या बाजूच्या स्प्रिंगचंच काम आज त्याच्याकडे आहे. तिथेही थोडी थरथर वाढेल, पण ती सोसण्याजोगी असते. बसवताना बुशला सिलिकॉन ग्रीस लावावं, नाहीतर पॉलियुरेथेन कुरकुरतं. आणि बोल्ट शेवटचा आवळायचा तो खालचा जॅक काढून, इंजिनाचं वजन माउंटिंगवर आल्यावरच.