‘सावकारी पाश’ : शंभर वर्षांपूर्वीचा सिनेमा अन् आपलं वावर

मंडळी, आज जरा जुन्या सिनेमाबद्दल लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या सातबाऱ्याचा आहे.

1925 साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सावकारी पाश’ नावाचा मूकपट काढला. दिग्दर्शक बाबूराव पेंटर, कथा नारायण हरी आपट्यांची. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत होते व्ही. शांताराम, जे पुढे 1929 मध्ये ‘प्रभात’च्या संस्थापकांपैकी एक झाले. गोष्ट चार ओळींची. साधाभोळा शेतकरी कर्ज काढतो. सावकार खोट्या कागदाच्या जोरावर जमीन गिळतो. शेतकरी गाव सोडून शहरात जातो आणि गिरणी कामगार होतो.

त्या काळात पडद्यावर देव आणि राजे चालायचे. खुद्द पेंटरांनीही ‘सैरंध्री’, ‘सिंहगड’ असेच सिनेमे आधी केले होते. त्यांनी एकदम फाटक्या कपड्यातला कुणबी पडद्यावर आणला. अंधारात बुडालेली झोपडी आणि रडणारं कुत्रं, हे त्यातलं दृश्य जाणकार अजून सांगतात. रात्री कुत्रं रडलं की घरात काहीतरी वाईट होणार, हे आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. सिनेमा मुका होता, तरी प्रेक्षकाला ते रडणं ऐकू आलं असणार. नावही बघा. पाश असतो यमाच्या हातात. पेंटरांनी तो सावकाराच्या हातात दिला. रूपक म्हणतात ते हेच.

दोन वर्षांनी, 1927 मध्ये, जर्मनीत फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’ आला. वर मालकांचं चकचकीत शहर, खाली जमिनीच्या पोटात राबणारे कामगार. पहिल्या महायुद्धानंतर मालक-मजुरांचं भांडण जगभर पेटलं होतं, कलावंत ते आपापल्या परीनं मांडत होते. लांगला त्यासाठी अख्खं यंत्रनगर उभारावं लागलं. आपल्या पेंटरांचं काम एका कागदावर भागलं.

कारण इथलं भांडणच कागदाचं होतं. 1875 मध्ये पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांचा मुख्य रोख होता कर्जरोख्यांवर. रोखे हिसकले आणि जाळले. सरकारला 1879 मध्ये तिकडच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. आपल्या वऱ्हाडात कापूस आला, रेल्वे आली, जमिनीला भाव आला. जमिनीला भाव आला म्हणजे ती गहाण ठेवून घेणाराही आला. 1929 नंतरच्या मंदीत कापसाचा भाव कोसळला, कर्जाचा आकडा मात्र होता तिथंच राहिला. शेवटी मध्य प्रांतात 1933 मध्ये कर्ज तडजोडीचा कायदा करावा लागला.

आता शहराकडं या. ज्या वर्षी पडद्यावरचा शेतकरी गिरणीत गेला, त्याच 1925 मध्ये मुंबईच्या गिरणी मालकांनी मजुरी साडेअकरा टक्क्यांनी कापायची ठरवली. सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. डिसेंबरात सरकारने कापडावरचा अबकारी कर स्थगित केला, तेव्हा कपात मागे गेली. 1928 मध्ये पुन्हा संप, तो तर सहा महिने चालला. म्हणजे गावात वावर गेलं, शहरात कामाचा भरवसा नाही. गावातलं कर्ज आणि शहरातली बेकारी या दोन गोष्टी नाहीत, एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत. हे या सिनेमाने तेव्हाच ओळखलं होतं.

लोकांनी काय केलं? सिनेमा चालला नाही. दिवसभर जे भोगतो तेच रात्री तिकीट काढून कोण बघणार? पेंटर परत पौराणिक-ऐतिहासिकाकडे वळले. तरी विषय त्यांनी सोडला नाही. 1936 मध्ये हाच सिनेमा त्यांनी बोलपट म्हणून पुन्हा काढला.

मी हे आज का लिहितोय? कारण यवतमाळ जिल्ह्यात कोऱ्या स्टॅम्पवरची सही अजून बंद झालेली नाही. गहाण म्हणून पैसे घ्यायचे आणि कागदावर मात्र सरळ खरेदीखत, ‘पैसे दिले की वावर परत’ ही तोंडी बोली. तोंडी बोलीला कचेरीत किंमत नसते. मग पोरगा पुण्याला कंपनीत कंत्राटावर जातो, नाहीतर चौकात टपरीवर बसून भरतीची जाहिरात बघतो. त्याला आपण बेरोजगार म्हणतो. त्याच्या बापाचं वावर कसं गेलं, ते कुणी विचारत नाही.

पडद्यावरच्या शेतकऱ्याकडे नव्हतं असं एक हत्यार आज आपल्याकडे आहे. 2014 च्या सावकारी कायद्यानुसार अवैध सावकारीतून बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. चौकशी होते, सुनावणी होते, खरेदीखत रद्दही होऊ शकतं. वेळ लागतो, चकरा पडतात, पण रस्ता आहे.

तुमच्या गावात असा कुणी अडकला असेल, तर ही पोस्ट त्याला वाचून दाखवा. आणि जमलं तर अर्ज लिहायला त्याच्यासोबत बसा.