गृहभेटीतील परिचर्या : एका मार्गाची दोन टोके

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड या गावांवरून एक मार्ग गडचिरोलीस जातो. भिवापूरची ख्याती मिरचीची; परंतु या मार्गाच्या दोन टोकांस घरोघर जाऊन करावयाच्या परिचर्येचा जो इतिहास घडला, तो एकत्र ठेवून पाहण्याजोगा आहे.

नागपुरात १९२१ साली कमलाबाई होस्पेट व वेणूताई नेने या परिचारिकांनी मातृसेवा संघाच्या कार्यास आरंभ केला. प्रसूती घरीच व्हावयाची, सुईण घरोब्याची, आणि शिकलेल्या परिचारिकेविषयी घरातील वडीलधाऱ्यांस संशय, असा तो काळ. संघाचा पुढील इतिहास खाटा, इमारती व शाखा यांच्या वाढीवरून सांगता येतो. मात्र अंधाऱ्या, धुरकट बाळंतघरात शिरल्यावर परिचारिका प्रथम काय पाही, सासूशी काय बोले, कोणत्या क्षणी बाईस दवाखान्यात हलवा म्हणे, हे ज्ञान इमारतींच्या इतिहासात सापडत नाही. ते हातात होते व हाताबरोबरच गेले.

पुढे कर्तारसिंग समितीच्या १९७३ च्या अहवालानंतर परिचारिका-प्रसाविका 'बहुउद्देशीय' झाली. भेटींची संख्या महत्त्वाची ठरली; भेटीतील पारख मागे पडली, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

गडचिरोलीत मात्र याच पारखेचा शोध घेण्यात आला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था स्थापिली. फार पुढचे आकडे न मोजता येणाऱ्या सुइणींसाठी त्यांनी मण्यांचे श्वासमापक योजिले : वाळूचे घड्याळ उलटावयाचे व दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा. लाल मणी वेळेआधी आला की न्यूमोनिया समजावा. १९९३ पासून ३९ गावांत अभ्यास सुरू झाला आणि १९९५ पासून गावातीलच अल्पशिक्षित स्त्रिया घरी जाऊन बालकाचे वजन, ताप व श्वास पाहू लागल्या. जंतुदोषाचे निदान ठराविक लक्षणांवरून करून त्या औषधोपचारही करीत. तिसऱ्या वर्षी नवजात-मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

हाताचे ज्ञान येथे नियमात उतरले, ही लहान गोष्ट नव्हे. २०११ पासून आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी जावे, असा राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला, तो याच पायावर. पण गुंडाळलेले मूल उघडून दाखविण्यास आजीचे मन कसे वळवावे, याचा नियम अजून कोणी लिहिलेला नाही. त्यासाठी उमरेड-भिवापूर भागात गावोगाव हिंडून निवृत्त झालेल्या परिचारिकांच्या आठवणीच टिपून घ्याव्या लागतील; आणि त्या बहुतेक जणी आता वृद्ध आहेत.