वैद्यकाच्या इतिहासाचे राखणदार

विशेष प्रतिनिधी

मालवण : मालवणात ६ जुलै १८३७ रोजी जन्मलेले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे संस्कृत पंडित, समाजसुधारक आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून सर्वपरिचित आहेत. त्यांच्या नावाने पुण्यात उभ्या राहिलेल्या प्राच्यविद्या संस्थेत भारतीय वैद्यकाच्या इतिहासाची मोलाची साधने सांभाळली गेली, ही बाब मात्र तुलनेने कमी परिचित आहे. तेरेखोलच्या खाडीपलीकडे, पेडणे तालुक्यातील मांद्रे हे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे जन्मगाव. त्याच्या दक्षिणेस बारदेशातील हडफडे येथे डॉ. जोसे गर्सन द कुन्हा यांचा जन्म झाला. उत्तरेस देवरुखात परशुराम कृष्ण गोडे जन्मले. कोकण-गोव्याच्या या पट्ट्यातील चार विद्वानांनी आपापल्या काळातील विद्वत्सभांचे आणि संशोधन संस्थांचे धुरीणत्व केले आणि त्या ओघात वैद्यकाचा इतिहास जतन केला.

'वैद्यकाचा इतिहास' असे नाव धारण करणारी सभा यांपैकी कोणी चालविली नाही. तशा सभा जगातही उशिरा निघाल्या. जर्मनीत १९०१ मध्ये, फ्रान्समध्ये १९०२ मध्ये अशा संस्था स्थापन झाल्या. आंतरराष्ट्रीय संस्था १९२१ मध्ये आकारास आली आणि तिचे पहिले अध्यक्षपद बेल्जियमचे डॉ. त्रिको-रॉयेर यांच्याकडे गेले. आपल्याकडे हे कार्य त्यापूर्वीच सुरू झाले होते. फक्त ते एशियाटिक सोसायटीच्या सभागृहात आणि पोथ्यांच्या दप्तरखान्यात चालत होते.

किनाऱ्यावरची पहिली नोंद

या किनाऱ्यावरील वैद्यकाची पहिली मोठी छापील नोंद गोव्यात झाली. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला. येथील वनस्पती व औषधे यांवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. चारच वर्षांत, १५६७ मध्ये, क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला आणि कोकणपट्टीतील औषधांची माहिती युरोपभर पोहोचली. ओर्ताने पटकीसारख्या रोगाचे वर्णन करताना त्याचे स्थानिक नावही नोंदविले. ते नाव म्हणजे आपल्या घराघरांत आजही ऐकू येणारी 'मोडशी'. पुढे युरोपीय लोकांनी या शब्दाची इतकी मोडतोड केली की, फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ 'कुत्र्याचे मरण' असा झाला. ओर्ताने मूळ शब्द लिहून ठेवला नसता, तर त्या विचित्र फ्रेंच नावाचे मूळ शोधणे कठीण झाले असते.

भाऊ दाजी : कार्य मोठे, नोंद अपुरी

मुंबईत १८०४ मध्ये सर जेम्स मॅकिंटॉश यांनी स्थापन केलेली लिटररी सोसायटी ही पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा बनली. आज ती एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई या नावाने ओळखली जाते. डॉ. भाऊ दाजी लाड या शाखेचे उपाध्यक्ष होते. १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ मध्ये जे पहिले आठ पदवीधर बाहेर पडले, त्यांत त्यांचा समावेश होता. त्याच तुकडीतील डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांतही ते होते. त्या आठांतील दुसरे भारतीय डॉ. सखाराम अर्जुन हेही वैद्यच. त्या काळातील डॉक्टर केवळ दवाखान्यात बसत नसत, हे यावरून ध्यानात येते.

भाऊ दाजींनी शिलालेख वाचले, नाणी जमविली आणि आर्यभट व वराहमिहिर यांच्या कालनिर्णयावर १८६५ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. संस्कृत वैद्यकग्रंथांत ज्या औषधींचे गुण सांगितले आहेत, त्यांची रुग्णांवर पारख करून पाहण्याचा त्यांचा परिपाठ होता. ग्रंथातील वचन जसेच्या तसे स्वीकारायचे नाही आणि तपासल्याविना टाकूनही द्यायचे नाही, ही त्यांची भूमिका वैद्यकाच्या इतिहासकाराला आजही मार्गदर्शक ठरावी अशी आहे.

या पारखीतूनच त्यांनी कुष्ठरोगावरील उपचार हाती घेतला. कडू कवठीच्या बियांचे तेल हा त्याचा मुख्य भाग होता. सह्याद्रीच्या आणि कोकणच्या रानांत हा वृक्ष आढळतो. त्यांच्या उपचाराचा मोठा बोलबाला झाला, रुग्णांची रीघ लागली. परंतु उपचाराची सविस्तर पद्धती त्यांनी प्रसिद्ध केली नाही आणि त्याबद्दल समकालीन डॉक्टरांनी त्यांच्यावर टीकाही केली. ३१ मे १८७४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनाही त्यानंतर फार आयुष्य लाभले नाही. कोणत्या रुग्णाला किती मात्रा दिली, किती काळ दिली, गुण कोणास आला आणि कोणास आला नाही, हे प्रश्न त्यामुळे पुढच्या पिढीसाठी अनुत्तरित राहिले.

याच जातीच्या तेलाने, चौलमुग्र्याच्या नावाने, पुढे जगभर कुष्ठरोगाच्या उपचारात स्थान मिळविले. हवाई बेटांवर ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ महिलेने १९१५-१६ मध्ये त्या तेलापासून टोचता येईल असे औषध तयार करण्याची पद्धती शोधली. १९१६ मध्येच तिचे निधन झाले आणि श्रेय दुसऱ्याच्या नावावर जाऊ लागले. परंतु १९२२ मध्ये एका डॉक्टरने आपल्या लेखात तिच्या नावानिशी त्या पद्धतीचा उल्लेख केला. तेवढ्या एका छापील उल्लेखाच्या आधारे कित्येक दशकांनी तिचे श्रेय तिला परत मिळाले. १९४०च्या दशकात सल्फोन औषधे आली आणि तेलाचे महत्त्व ओसरले. तरीही या दोन कहाण्या शेजारी ठेवल्या, तर लेखी नोंदीचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय उभारण्यात भाऊ दाजींचा मोठा वाटा होता. १९७५ पासून ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यांचे विखुरलेले निबंध निधनानंतर ग्रंथरूपाने एकत्र करण्यात आले. परंतु जे कागदावर उतरलेच नव्हते, ते एकत्र करणे कोणालाही शक्य नव्हते.

द कुन्हा : साथीचा इतिहास

डॉ. जोसे गर्सन द कुन्हा (१८४४-१९००) हेही व्यवसायाने डॉक्टर आणि एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे उपाध्यक्ष. चौल व वसईवरील ग्रंथ (१८७६) आणि मुंबईच्या उत्पत्तीवरील ग्रंथ (१९००) यांमुळे इतिहासकार म्हणून ते ओळखले जातात. मात्र १८७०च्या दशकाच्या आरंभी मुंबईत डेंग्यूची साथ आली, तेव्हा त्यांनी त्या रोगाचा इतिहास, लक्षणे व उपचार यांवर पुस्तक लिहिले. रुग्ण तपासत असतानाच साथीचा पूर्वेतिहास धुंडाळणारा हा वैद्य होता. पावसाळा सरताच डेंग्यूच्या बातम्या आजही वृत्तपत्रांत येतात. हा ताप नवा नाही, हे सांगणारी साक्ष द कुन्हा यांनी दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे.

भांडारकर आणि गोडे : पोथीचे वय कसे ठरते?

इंग्रज सरकारने १८६८ पासून संस्कृत हस्तलिखितांचा पद्धतशीर शोध सुरू केला. मुंबई इलाख्यात ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन यांच्यासमवेत डॉ. भांडारकरांनी हे काम केले. जमविलेल्या पोथ्यांवरील त्यांचे अहवाल अभ्यासकांना आजही उपयोगी पडतात. वेद, व्याकरण, काव्य यांच्या पोथ्यांबरोबर वैद्यकाच्या पोथ्याही गोळा झाल्या. डॉ. भांडारकरांना ८० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाली. पुढील वर्षी डेक्कन कॉलेजातील सरकारी हस्तलिखित संग्रह तिच्या स्वाधीन करण्यात आला. त्यातील वैद्यक हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूचीचा खंड १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला.

या संग्रहाचे राखणदार होते परशुराम कृष्ण गोडे (१८९१-१९६१). १९१९ पासून अखेरपर्यंत ते संस्थेचे अभिरक्षक होते. गोडे डॉक्टर नव्हते. परंतु वैद्यकग्रंथांच्या कालनिर्णयात त्यांच्याइतके चिकाटीचे काम करणारे विरळाच. त्यांची पद्धत साधी होती. एखाद्या ग्रंथात ज्या जुन्या ग्रंथांचा उल्लेख असेल, त्यांच्यानंतर तो लिहिला गेला. आणि ज्या नंतरच्या ग्रंथात त्याचा उल्लेख असेल, त्याच्या आधी तो अस्तित्वात होता. पोथीच्या शेवटी लेखकाने दिलेला शक किंवा संवत ही आणखी एक सीमा. या दोन टोकांमधील अंतर पुरावा जोडत कमी करीत न्यायचे. 'फिरंग रोग' हे याचे उत्तम उदाहरण. उपदंशाला दिलेले हे नाव 'भावप्रकाश' या ग्रंथात येते. हे नाव फिरंग्यांवरून पडले. पोर्तुगीज १४९८ मध्ये भारतात आले, तेव्हा ते नाव वापरणारा ग्रंथ त्याहून जुना असू शकत नाही.

गोडे यांच्या दृष्टीला कोणतीही वस्तू क्षुल्लक नव्हती. 'भोजनकुतूहल' या आहारविषयक ग्रंथाचा काळ त्यांनी १६७५ ते १७०० असा ठरविला. चष्मा, तंबाखू, मका, भुईमूग, विडा, इतकेच काय जिलबी यांचाही इतिहास त्यांनी पोथ्यांच्या आधारे लिहिला. पथ्यापथ्याचा विचार हा वैद्यकाचाच भाग असल्याने स्वयंपाकघराचा इतिहास त्यांना औषधाच्या इतिहासापासून वेगळा वाटला नाही.

इतिहास म्हणजे प्रशस्तिपत्र नव्हे

जुन्या औषधाची नोंद ठेवणे आणि ते औषध गुणकारी आहे असे म्हणणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. फुरशाच्या या मुलुखात तर हा भेद जीवनमरणाचा आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेत डॉ. कृ. श्री. म्हसकर आणि फादर कायस यांनी सर्पदंशावर सांगितल्या जाणाऱ्या शेकडो वनस्पतींची कसोटी घेतली. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता : यांपैकी एकही वनस्पती विषावर उतारा ठरत नाही. हेच दोघे कीर्तिकर व बसू यांच्या औषधी वनस्पतींवरील विख्यात ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीचेही संपादक होते. वनस्पतींबद्दल त्यांना अनादर नव्हता. त्यांनी फक्त प्रत्येक दावा तपासला. सर्पदंश झाल्यास रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात नेऊन प्रतिसर्पविष देणे, हाच उपाय आहे.

स्वतंत्र संस्थेची वाट

वैद्यकाच्या इतिहासाला स्वतंत्र अभ्यासशाखा मानण्याचा विचार भारतात विसाव्या शतकाच्या मध्यास बळावला. भोर समितीच्या कामाच्या निमित्ताने ख्यातनाम वैद्यक इतिहासकार हेन्री सिगरिस्ट १९४४ मध्ये भारतात आले आणि त्यांनी या विषयाच्या अध्यापनाचा आग्रह धरला. हैदराबादेत १९५६ मध्ये डॉ. डी. व्ही. सुब्बा रेड्डी यांच्या नेतृत्वाखाली वैद्यक इतिहासाचा विभाग सुरू झाला. पुढे त्याचेच रूपांतर भारतीय वैद्यक वारशाच्या राष्ट्रीय संस्थेत झाले.

माळ्यावरची बाडे

केंद्र सरकारने २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केले. २०२५च्या अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' ही नवी योजना जाहीर झाली. किमान ७५ वर्षे जुना, हाताने लिहिलेला आणि ज्ञानदृष्ट्या मोलाचा मजकूर हस्तलिखित म्हणून गणला जातो. म्हणजे त्यासाठी ताडपत्रच हवे असे नाही. एखाद्या वैद्याने लिहिलेली मोडीतील औषधांची वहीही या व्याख्येत बसू शकते.

कोकणातील दमट हवा, वाळवी आणि कसर हे कागदाचे तीन वैरी. घर उतरविताना किंवा माळा साफ करताना असे बाड हाती आले, तर ते रद्दीत घालू नये. उन्हात वाळवू नये, चिकटपट्टी लावू नये आणि त्याचे लॅमिनेशन करू नये. पाने ज्या क्रमाने असतील त्याच क्रमाने कोरड्या सुती कापडात बांधावीत, प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे. ते कोणाचे, कोणत्या गावचे आणि कोणाकडून आले, एवढे तरी वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवावे. मग मोडीच्या जाणकाराला किंवा हस्तलिखितांचे काम करणाऱ्या संस्थेला दाखवावे.

बाडातील औषध आज उपयोगी पडेलच असे नाही. परंतु शंभर वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर कोणते रोग होते, लोक काय खात होते आणि वैद्य कोणत्या वनस्पती वापरत होता, हे त्यातून कळू शकते. डॉ. भांडारकरांनी जमविलेल्या आणि गोडे यांनी सांभाळलेल्या पोथ्याही एके काळी अशाच कोणाच्या तरी घरात होत्या. त्या संग्रहात पोहोचल्या, म्हणून आज वाचता येतात.