पाटीवरचा आकडा आणि पळसगावचा यशवंत



मागच्या चातुर्मासात आंबेगाव तालुक्यातल्या एका गावी म्हाताऱ्या नणंदेला भेटायला गेले होते. चावडीपाशी एसटीची वाट बघताना भिंतीतल्या संगमरवरी पाटीकडे लक्ष गेलं. पहिल्या महायुद्धात या गावातून इतके जण गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. बस, एवढंच. नाव एकाचंही नाही. अशा पाट्या इंग्रज सरकारने ठिकठिकाणच्या गावांत बसवल्या होत्या.

बी.कॉम.ला आमचे सर म्हणायचे, जर्नल एंट्रीखाली नॅरेशन लिहिलं नाही तर ती एंट्री अर्धीच. ही पाटी तशीच वाटली. आकडा आहे, पण कोणाचा?

आमचं किराण्याचं दुकान. सासरे सांगायचे, दुसऱ्या महायुद्धात पलटणीत गेलेल्यांच्या घरी आपल्याकडून उधारीवर माल जायचा. मनीऑर्डर आली की खातं चुकतं व्हायचं. एखाद्या घरची मनीऑर्डर थांबली की त्या माउलीला मागायचं कसं, हा प्रश्न. ते पान मग तसंच राहायचं.

नावाशिवाय माग निघत नाही. म्हणून मी आधी ज्याचं नाव आणि तारीख दोन्ही सापडतात असा एक जवान शोधला. तो आपल्या तालुक्याचा नाही, सह्याद्रीपलीकडचा आहे. यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातलं पळसगाव, तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आताचा रायगड. जन्म 16 नोव्हेंबर 1921. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये तो नाईक होता, म्हणजे एका छोट्या तुकडीचा म्होरक्या.

10 जुलै 1944. इटलीत तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या कंपनीने शत्रूच्या ठाण्यावर हल्ला केला. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. यशवंतच्या तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले, उभा राहिला तो एकटा. तो सरळ मशीनगनवर धावून गेला. हातबॉम्ब टाकून ती बंद पाडली, तिथल्या एकाला गोळी घातली. बंदुकीतल्या गोळ्या संपल्या आणि दुसरं मॅगझिन भरायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्याने मारून टाकलं. मग लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून तो पडला. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, इंग्रजांचा शौर्याचा सगळ्यात मोठा मान.

हे वाचून मी फोन बाजूला ठेवला. पाणी गाळून पिणारी, कणीक मळण्याआधी पिठात जीव नाही ना बघणारी मी. शास्त्रात गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगितलेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. स्वतःच्या रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी, गृहस्थाला त्यात थोडी मोकळीक आहे. पण यशवंतची कशात धरायची? लढाई इंग्रजांची, जमीन इटलीची. समोर हिटलरचं सैन्य होतं हे खरं, पण ते दोघेही कुणाची तरी मुलंच होती. रात्री प्रतिक्रमणात बसले तरी ते डोक्यातून जाईना. उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

त्याची समाधी नाही. कॅसिनो इथल्या स्मारकावर, ज्यांच्या कबरीचा पत्ता नाही अशा चार हजारांहून जास्त जणांत त्याचं नाव कोरलंय. माणगावला तहसील कचेरीपाशी पुतळा आहे. माझं मन मात्र अडकतं ते त्याच्या पत्नीपाशी. नवरा गेला, पदक घरात आलं. इंग्रजीतलं ते मानपत्र तिला कुणी वाचून दाखवलं असेल का? आणि ते शेवटचं वाक्य सांगितलं असेल की वगळलं असेल?

त्याच रेजिमेंटचे नामदेव जाधव, आपल्या शेजारच्या संगमनेर तालुक्यातले, निमजचे. 9 एप्रिल 1945 ला इटलीतच सेनियो नदीवर जखमी सोबत्यांना त्यांनी पाण्यातून सुखरूप ठिकाणी नेलं आणि शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते घरी परतले, 1984 पर्यंत जगले. दोन घरं, एकच पदक, केवढा फरक!

इटलीत आपले 50 हजारांवर जवान लढले, 5,782 परत आले नाहीत. तिथल्या मोंतोने नावाच्या गावाने जुलै 2023 मध्ये यशवंतच्या नावाने स्मारक उभारलं. ते सूर्यघड्याळ आहे, आणि त्यावरच्या लॅटिन वाक्याचा अर्थ असा की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. मला ते फार आवडलं. आपणही नवकारशी आणि चौविहार सूर्य बघूनच करतो ना. इथे डोक्यावर आलेला सूर्य साधारण चार तासांनी मोंतोनेच्या माथ्यावर येतो.

पाटीचं म्हणाल तर नणंदेला सांगून ठेवलंय, गावातल्या जुन्या बायकांना विचार, कुणाचा आजा, कुणाचा पणजा परत आला नव्हता. एकदा नाव कळलं की कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येतं. हुद्दा, पलटण आणि मृत्यूची तारीख मिळते, पुष्कळदा वडिलांचं नाव आणि गावही असतं. फक्त आपल्या गावांची इंग्रजी स्पेलिंगं चार प्रकारे घालून बघायची.

आणि एक कबुली. सासऱ्यांच्या त्या वेळच्या लाल चोपड्या घर दुरुस्तीला काढलं तेव्हा मीच रद्दीत घातल्या. किलोवर. तुमच्या माळ्यावर 1940 ते 45 च्या चोपड्या असतील तर आधी उघडून बघा. मनीऑर्डरची नोंद असेल तर नाव आणि गाव मला कळवा.