बगळा: बकापासून टोपीपर्यंत

संस्कृतातल्या ‘काक’ला प्रत्यय जोडून जसा आपला कावळा झाला, तसाच ‘बक’चा बगळा. प्राकृतातून येताना ‘क’चा ‘ग’ झाला आणि शेवटी ‘ळा’ चिकटला. दुर्दैवाने शब्दाबरोबर बदनामीही आली. मनुस्मृती ढोंग्याला ‘बकवृत्ती’ म्हणते, पंचतंत्रातला बगळा मासे फसवून खातो, आणि आपण अजून ‘बकध्यान’ म्हणतो.

हा अन्याय आहे. पाण्यात निश्चल उभं राहणं ही शिकारीची कसलेली रीत आहे, आणि सगळे बगळे तसे उभे राहतही नाहीत. काळ्या चोचीचा, पिवळ्या बोटांचा लहान बगळा पायाने चिखल ढवळून मासे उठवतो. गायबगळा तर गुरांच्या खुरांमागे, नांगरामागे धावत किडे टिपतो. विणीच्या काळात त्याचं डोकं, मान आणि पाठ केशरी होते. त्याला ‘बुबुल्कस’ हे शास्त्रीय नाव मिळालं ते गुरांमागे फिरण्याच्या सवयीमुळे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गुराखी!

बगळ्यासारखा दिसणारा करकोचा मात्र वेगळा. तो मान ताणून उडतो, बगळा मान दुमडून. तरी पूर्वी बगळ्यांना करकोच्यांच्याच गणात धरत. आता पाणकोळ्यांच्या, म्हणजे पेलिकनच्या गणात.

इंग्रजी ‘एग्रेट’ फ्रेंच ‘एग्रेत’वरून आला. हाच शब्द पिसांच्या तुऱ्यालाही लावतात. विणीच्या काळातल्या या तलम पिसांसाठी, बायकांच्या टोप्या सजवायला, हजारो बगळे मारले गेले. ते थांबवण्यासाठी 1889 मध्ये इंग्लंडमध्ये संघटना उभी केली तीही बायकांनीच. तीच आजची पक्षीसंरक्षण करणारी आरएसपीबी.