पावणेदोन की सव्वादोन? एका सुट्या भागाचा इतिहास

१/ गेल्या जानेवारीत इंग्लंडमधील आमच्या भाड्याच्या घरात गरम पाणी यायचे बंद झाले. कपाटात उभ्या असलेल्या टाकीतील विजेची कांडी, म्हणजे इमर्शन हीटर, जळाला होता. घरमालक फोनवर म्हणाले, "नवीन आणून बसवून घेऊ, दहा मिनिटांचे काम आहे." त्या कामाला नऊ दिवस लागले. हा थ्रेड त्या नऊ दिवसांचा आहे, आणि त्यामागील दोन शतकांचाही.

२/ घरमालकांनी पाठवलेल्या कारागिराने टाकी रिकामी करून जुना हीटर बाहेर काढला. त्याच्या आट्यांचा व्यास मी पट्टीने मोजला. तो ५४ मिलिमीटर, म्हणजे दोन इंचांहून थोडा अधिक भरला. बाजारात दोन मापे सर्रास मिळतात : पावणेदोन इंची आणि सव्वादोन इंची. मी अर्थातच सव्वादोन मागवला. तो आला, तेव्हा त्याचा व्यास जवळजवळ ६६ मिलिमीटर निघाला. टाकीच्या तोंडात तो शिरणेही शक्य नव्हते.

३/ चूक माझी होती, पण तिचे मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. त्या काळी प्रत्येक कारखाना आपापल्या मर्जीने आटे पाडत असे, त्यामुळे एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात बसत नसे. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ या अभियंत्याने अनेक कारखान्यांतील स्क्रू जमवून त्यांचा मध्यम काढला आणि ५५ अंशांच्या कोनाचा समान आटा सुचवला. हीटरवरचा ब्रिटिश पाइप आटा त्याच घराण्यातला आहे.

४/ या पाइप आट्याचे नाव मात्र नळीच्या बाहेरच्या व्यासावरून पडलेले नाही, ते आतल्या पोकळीवरून पडले आहे. म्हणून 'एक इंची' आटा पट्टीवर ३३ मिलिमीटर भरतो आणि 'पावणेदोन' ५४. जाड भिंतींच्या जुन्या नळ्या कधीच गेल्या, पण त्यांची मापे नावांत राहिली. आपल्याकडेही हार्डवेअरच्या दुकानात 'अर्धा इंची' नळ मागतो, तेव्हा आपण हीच भाषा बोलत असतो.

५/ दुकानदाराचा दुसरा प्रश्न अधिक गंभीर होता : "टाकी उघडी की बंद?" त्याचे उत्तर समजण्यासाठी ब्रिटिश घरांच्या माळ्यावर चढावे लागते. एकोणिसाव्या शतकात लंडनसारख्या शहरांत पाणी ठरावीक वेळीच येई. म्हणून घरोघरी साठवणीच्या टाक्या आल्या. नळाला चोवीस तास पाणी येऊ लागले, तरी माळ्यावरची टाकी गेली नाही. गरम पाण्याची व्यवस्था थेट सार्वजनिक नळाला जोडण्यावर निर्बंध राहिले. घरातील पाणी उलटे शोषले जाऊन सर्वांचे पाणी दूषित होईल ही एक भीती होती. दुसरी भीती स्फोटाची होती.

६/ उघड्या पद्धतीत माळ्यावरच्या टाकीचे पाणी खालच्या तांब्याच्या सिलिंडरमध्ये उतरते. सिलिंडरच्या माथ्यापासून एक उघडी नळी वर जाऊन पुन्हा त्या टाकीवर वळते. पाणी तापून फुगले किंवा उकळले, तरी त्याला वाट मोकळी असते. रचना साधी आणि सुरक्षित आहे. तिची किंमत एवढीच, की दाब केवळ टाकीच्या उंचीचा मिळतो. दहा मीटर उंचीला एक बार, तर दोन-तीन मीटरला किती? जुन्या ब्रिटिश घरांतील शॉवर रडतखडत का चालतो, याचे उत्तर या गणितात आहे.

७/ मग बंद टाकीचे भय कशासाठी? कारण दाबाखाली पाण्याचा उत्कलनबिंदू चढतो. वातावरणापेक्षा ३ बार अधिक दाब असेल, तर पाणी सुमारे १४३ अंशांपर्यंत द्रवरूपच राहते. अशा वेळी टाकी फाटली, तर दाब नाहीसा होतो आणि पाण्याचा काही भाग क्षणार्धात वाफ होतो. त्या वाफेला मूळ पाण्याच्या दीड हजार पटींहून अधिक जागा लागते. फुटते ती टाकी, पण विध्वंस करते ती वाफ.

८/ हे ज्ञान नवे नव्हते. देनी पापाँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे बंद झाकणाचे, दाबाने अन्न शिजवणारे भांडे मांडले. त्याला दाब वाढताच उघडणारी झडप होती. आपल्या स्वयंपाकघरातील कुकरची शिट्टी ही तिचीच वंशज. तरीही घरगुती चुलीमागे बसवलेले बॉयलर फुटतच राहिले, विशेषतः हिवाळ्यात नळ्या गोठून वाट बंद झाली की. बॉयलर-स्फोटांच्या चौकशीसाठी १८८२ मध्ये ब्रिटनमध्ये कायदा झाला, पण केवळ घरगुती वापराचे बॉयलर त्यातून वगळले गेले. कारखान्यातल्या मृत्यूची चौकशी होई, स्वयंपाकघरातला मृत्यू मात्र त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला.

९/ याच काळात एक शब्द जन्मला. १८६८ मध्ये बेंजामिन वॉडी मॉन या लंडनच्या रंगाऱ्याने वायूवर चालणारे, पाणी क्षणात तापवणारे यंत्र काढले आणि आइसलँडच्या उष्ण कारंज्यावरून त्याला 'गीझर' नाव दिले. धूर बाहेर नेणारी नळीच नसल्याने ते धोकादायक होते. आज हा शब्द आपण आपल्या बोलीत इतका मुरवला आहे, की त्याचे आइसलँडी मूळ कुणाला आठवतही नाही. त्याने हटवलेला तांब्याचा 'बंब' तरी अस्सल मराठी असावा, असे वाटते ना? त्याचेही नाते पोर्तुगीज 'बोंबा', म्हणजे पंप, या शब्दाशी जोडले जाते.

१०/ विसाव्या शतकात वीज आली. अल्बर्ट मार्श या अमेरिकनाने निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू शोधला आणि १९०६ मध्ये त्याला पेटंट मिळाले. लालबुंद होऊनही सहजी न जळणाऱ्या या तारेमुळे विजेचे हीटर व्यवहार्य झाले. १९७८ पासून ब्रिटनमध्ये रात्रीच्या सात तासांसाठी स्वस्त विजेचा दर आला, आणि रात्री पाणी तापवून दिवसभर पुरवणाऱ्या टाक्यांना बळ मिळाले.

११/ अखेर १९८५ च्या इमारत नियमावलीने इंग्लंड आणि वेल्समध्ये बंद टाकीला परवानगी दिली. अट अशी, की पाण्याचे तापमान १०० अंशांच्या वर जाता कामा नये. त्यासाठी एकामागे एक तीन पहारे आले. पहिला थर्मोस्टॅट, साधारण ६० अंशांचा. तो निकामी झाला तर वीज तोडणारा कट-आउट, जो आपोआप पुन्हा सुरू होत नाही. तोही चुकला तर ९०-९५ अंशांच्या आसपास उघडून पाणी सोडून देणारी झडप. यातील पहिले दोन पहारे बहुधा हीटरच्याच टोपीत बसलेले असतात.

१२/ आमची टाकी बंद होती. पाचव्या दिवशी कारागिराने पावणेदोन इंची एक स्वस्त हीटर आणला. आटे जुळत होते. पण तो उघड्या टाकीसाठीचा होता आणि त्यात कट-आउट नव्हता. "बसतोय ना? मग झाले," असे त्याचे म्हणणे. चुकीच्या मापाचा हीटर निरुपद्रवी असतो, कारण तो बसतच नाही. धोका असतो तो बसणाऱ्या चुकीच्या हीटरचा. मी नकार दिला. घरातले सोबती वैतागले, कारण बाहेर बर्फ होते आणि चार जणांची आंघोळ किटलीच्या पाण्यावर चालली होती.

१३/ मग टाकीवरील पट्टीवरचा मॉडेल क्रमांक पाहून, त्याच टाकीसाठी बनवलेला हीटर आणि त्याचे रबरी कडे मागवले. बंद टाक्यांच्या कामाची पात्रता असलेल्या तंत्रज्ञाने ते नवव्या दिवशी बसवले. जाताना त्याने जुन्या हीटरची टोपी उघडून मला दाखवली. आत कट-आउटच्या दोन टोकांवर तांब्याच्या तारेचा तुकडा जोडलेला होता. कधीतरी कट-आउटने वारंवार वीज तोडली असावी आणि कुणीतरी त्या 'कटकटी'चा असा कायमचा बंदोबस्त केला होता. आम्ही पाच महिने त्या टाकीशेजारी झोपत होतो.

१४/ इतिहासाच्या वर्गात आपण कागदपत्रे वाचायला शिकतो. तो हीटरही एक कागदपत्रच होता. त्याच्या आट्यांत १८४१ होते, त्याच्या टोपीत १९८५ होते, आणि त्या तारेत दोन्ही विसरलेला एक माणूस होता. सुरक्षिततेचे नियम पुष्कळदा अपघातांच्या स्मृतीतून लिहिले जातात. ती स्मृती पुसली गेली, की नियम केवळ अडचण वाटू लागतात.

१५/ शेवटी एक विनंती. आपल्या घरातील गीझरलाही दाब सोडणारी झडप असते. पाणी तापताना तिच्यातून थेंब गळत असतील, तर 'गळती' म्हणून ती बुजवू देऊ नका. तापलेले पाणी फुगते आणि तिथून वाट काढते. झडप सतत वाहत असेल, तर जाणकाराला दाखवा. पापाँने साडेतीनशे वर्षांपूर्वी ठेवलेली वाट आहे ती, मोकळीच असू द्या.