कारवार जिल्ह्यातील रानांची मोजदाद

जोयडा तालुक्यातील एका कुणबी गृहस्थाचे कागद काही दिवसांपूर्वी माझ्यासमोर आले. मागणी साधी होती. आजोबा-पणजोबांपासून जी जमीन आम्ही कसतो ती आमच्या नावे व्हावी, एवढेच त्यांचे म्हणणे. परंतु २००६ च्या वनहक्क कायद्याची एक अट आडवी येते. जो अर्जदार अनुसूचित जमातीत मोडत नाही, त्याने १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, आपले घराणे त्या रानात राहत असल्याचे दाखवावे लागते. हिशेब केला म्हणजे १९३० साल येते. ज्या वर्षी चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, ते हे वर्ष. गंमत अशी की, घाट उतरून गोव्याच्या हद्दीत गेले की तोच कुणबी २००३ पासून अनुसूचित जमातीत गणला जातो, आणि त्याला ही पंचाहत्तर वर्षांची अट लागत नाही. कर्नाटकाच्या यादीत मात्र कायदा झाला तेव्हा कुणब्यांचे नाव नव्हते. एकाच बोलीची, एकाच सोयरिकीची माणसे. मध्ये सह्याद्रीचा एक कडा, एवढाच फरक.

१९३० पूर्वीचा पुरावा आणायचा कोठून? या कायद्याखालील नियमांपैकी तेराव्या नियमात पुराव्यांची यादी दिली आहे. तिच्या आरंभीच गॅझेटियर, जनगणना, मोजणीचे व जमाबंदीचे अहवाल, नकाशे आणि वनखात्याच्या कार्ययोजना आहेत. याचा अर्थ, या जिल्ह्यातील रानांची आजवर ज्यांनी ज्यांनी पाहणी केली त्यांनी काय लिहून ठेवले, हे पाहणे आले. त्या निमित्ताने ते जुने कागद मी पुन्हा वाचले. प्रत्येक पाहणी 'रानात काय आहे?' हा प्रश्न घेऊन निघते, आणि परत येताना 'रान कोणाचे?' या प्रश्नाचे उत्तर घेऊन येते. ते उत्तर बहुधा निघण्यापूर्वीच ठरलेले असते, असे मला वाटू लागले आहे.

या रानांचा पहिला बारकाईचा पाहणीदार म्हणजे फ्रान्सिस बुकॅनन. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर वेलस्ली याने त्याला म्हैसूर, मलबार आणि कानडा पाहण्यास धाडले. १८०१ च्या आरंभी तो कानड्याच्या किनाऱ्याने उत्तरेस आला. त्याचे प्रवासवृत्त १८०७ साली लंडनला तीन खंडांत छापले गेले. पेशाने तो वैद्य होता आणि वनस्पतींचा जाणता होता. कारवारच्या आसपासच्या रानांविषयी त्याने जे टिपले आहे, ते प्रत्येक वकिलाने वाचावे असे आहे. राने गावदेवांच्या मालकीची आहेत, झाड तोडायचे तर गावच्या गौडाची अनुज्ञा घ्यावी लागते, आणि हा गौडाच देवाचा पुजारीही असतो, असे तो सांगतो. अनुज्ञेबद्दल देवाला काहीच द्यावे लागत नाही. मात्र न विचारता कुऱ्हाड घातली तर देवाचा कोप होतो. येथवर तो चांगला साक्षीदार आहे. पण लगेच तो निवाडाही देऊन टाकतो की, सरकारला रानावर मालकी सांगता येऊ नये म्हणून काढलेली ही एक युक्ती दिसते! सरकार तर तेथे येऊन दोन वर्षेही पुरती झाली नव्हती. ज्याच्यापासून बचाव करायचा तो दावेदार दारात येण्यापूर्वीच गावकऱ्यांनी युक्ती काढून ठेवली, असे मानावे लागेल.

बुकॅननच्या मागोमाग आले ते जहाजांचे गिऱ्हाईक. मुंबईच्या गोदीत इंग्रजी आरमाराची जहाजे बांधली जात, आणि त्यांना पश्चिम किनाऱ्यावरचा साग हवा होता. १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन याला मलबार आणि कानड्यातील रानांचा संरक्षक नेमण्यात आले आणि सागावर सरकारी मक्ता बसला. व्यापारी व रयत यांची गाऱ्हाणी इतकी वाढली की १८२३ मध्ये मद्रासचा गव्हर्नर टॉमस मन्रो याने ते पदच रद्द करून टाकले. मन्रो हा १७९९-१८०० मध्ये कानड्याचा कलेक्टर होता, त्याला हा मुलूख ठाऊक होता. पण गरज सरली नव्हती. १८४७ मध्ये मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन आणि १८५६ मध्ये मद्रास इलाख्यात ह्यू क्लेगहॉर्न हे जंगलांचे कॉन्झर्व्हेटर झाले. कानडा तेव्हा मद्रासकडे होता. त्याचे दोन तुकडे होऊन उत्तर भाग १८६२ साली मुंबईस जोडला गेला. गिब्सन पुण्याजवळच्या दापोडीच्या बागेचा अधीक्षक होता. तोही वैद्य आणि क्लेगहॉर्नही वैद्य! रानाचे दुखणे शोधायला निघालेल्या या तिन्ही वैद्यांनी रोग्याला मात्र फारसे काही विचारले नाही.

त्यांनी ठरविलेला रोग म्हणजे कुमरी. गोव्यात आपण जिला कुमेरी म्हणतो तीच ही शेती. हिवाळ्यात उतारावरचे रान तोडायचे, वाळू द्यायचे, पावसाच्या तोंडावर पेटवायचे, आणि राखेत नाचणी फेकायची. एकदोन पिके घेतली की तो तुकडा सोडून पुढे जायचे. रान पुन्हा उठले की दहाबारा वर्षांनी परत यायचे. हिच्यात सागाची रोपेही जळत, हे खरे. उगाच सगळे दोष साहेबाच्या माथी मारण्यात अर्थ नाही. परंतु ज्या अहवालांत कुमरीने जळालेल्या सागाची हळहळ आहे, त्यांतच काळी नदीतून समुद्राकडे वाहत जाणाऱ्या ओंडक्यांचा उल्लेख उत्पन्नाच्या रकान्यात येतो. १८६० मध्ये मद्रास सरकारने परवानगीखेरीज कुमरी करण्यास बंदी केली. तोवर मुंबईहून आगगाडी निघालेली होती, आणि साग जहाजांखेरीज रुळांखालीही जाऊ लागला होता.

यानंतरचा अध्याय माझ्या व्यवसायातला आहे. मुंबईकडे आल्यावर उत्तर कानड्यात नवी मोजणी होऊन सारा वाढला, तेव्हा जमीनधारक न्यायालयात गेले. व्यंकुंठ बापूजी विरुद्ध मुंबई सरकार हा १८७५ चा निवाडा मुंबई उच्च न्यायालयाच्या इतिहासातील अत्यंत लांब निवाड्यांपैकी एक असावा. विजयनगरापासून मन्रोपर्यंतचा जमाबंदीचा इतिहास त्यात आहे, आणि शेवटी सरकारची सरशी आहे. १८७९ मध्ये भास्करप्पा विरुद्ध उत्तर कानड्याचे कलेक्टर हा दावा आला. तो तर रानाच्याच मालकीचा होता, आणि तोही टिकला नाही.

दरम्यान १८७८ चा जंगल कायदा झाला. त्याची वारस असलेली १९२७ ची संहिता पुढे आपल्याला लागू झाली. तिची रचना पाहण्यासारखी आहे. चौथ्या कलमाखाली सरकार जाहीर करते की अमुक रान राखीव करण्याचा आमचा विचार आहे. सहाव्याखाली सेटलमेंट अधिकारी जाहीरनामा लावतो, आणि निदान तीन महिन्यांच्या मुदतीत हक्क कळवा म्हणतो. नवव्याप्रमाणे, जो हक्क कळविला गेला नाही आणि चौकशीतही अधिकाऱ्याला समजला नाही, तो नष्ट होतो. दहाव्या कलमात फिरत्या शेतीसंबंधी वेगळी सोय आहे. ती हक्क नव्हेच. ती सवलत मानावी, आणि सरकारला ती आवरता यावी, कमी करता यावी व बंदही करता यावी. ज्याला अक्षर वाचता येत नाही आणि जो पाऊसकाळात तालुक्याच्या गावापासून दोन दिवसांच्या वाटेवर आहे, त्याच्यासाठी ही मुदत! सुपारीच्या बागायतदारांना मात्र हा व्यवहार समजत होता. शिरसी-सिद्धापूरकडच्या बागांना पालापाचोळ्यासाठी जोडलेली 'बेट्टा' राने त्यांनी भांडून राखली. ती त्यांच्या पदरी अद्याप आहेत. कुमरीवाल्या कुणब्याच्या पदरी काही पडले नाही.

नोंदी करणाऱ्यांमध्ये चांगली माणसे नव्हती असे नाही. कॅम्बेलच्या देखरेखीखाली १८८३ मध्ये निघालेले कानडा जिल्ह्याचे गॅझेटियर अजूनही हाताशी ठेवावे असे आहे. टॅलबट नावाच्या वनाधिकाऱ्याने आपल्या नोकरीतली बरीच वर्षे याच रानांत काढली आणि मुंबई इलाखा व सिंध यांच्या वनवृक्षांचा ग्रंथ १९०९ व १९११ साली दोन खंडांत दिला. कॉलिन्सने १९२० च्या दशकाच्या आरंभी किनारपट्टीच्या गावांतील जंगल-सेटलमेंट पुन्हा तपासून गावांच्या सवलतींची नोंद केली. त्याच दशकात कुमठा तालुक्यातील हळकारसारख्या काही गावांना ग्रामवनाच्या पंचायती मिळाल्या. गावाने नेमलेला राखणदार, गावाने ठरविलेली सरपणाची वाटणी. १९७९ मध्ये राज्य सरकारने या पंचायती मोडीत काढल्या, तेव्हा हळकारकर न्यायालयात गेले, स्थगिती आणली, आणि आपले रान राखीत राहिले. या जिल्ह्यातील रानांच्या दाव्यांत गावाची सरशी झाल्याचे असे प्रसंग थोडे.

परंतु मोजणीची खरी कसोटी लागली ती सागात नव्हे, कळकात. दांडेलीला १९५५ मध्ये कागदाच्या गिरणीची स्थापना झाली. तिला बांबू पुरविण्याचा करार सरकारने केला तो वनखात्याच्या अंदाजावर, आणि दर ठरला टनाला दीड रुपया. गावोगावचे बुरूड, ज्यांना कानडीत मेदार म्हणतात, बाजारातून बांबू घेत ते याच्या कितीतरी पटींनी महाग. वीस वर्षांच्या आत रान विरळ झाले आणि टोपल्या विणणाऱ्यांना बांबू मिळेनासा झाला. त्यांची गाऱ्हाणी सरकारकडे जाऊ लागली. त्या वेळी कर्नाटकाचे अर्थमंत्री संडूरचे मु. य. घोरपडे होते, संडूरच्या मराठा राजघराण्यातले. १९७५ मध्ये बांबूच्या पाहणीचे काम बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील माधव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी यांच्याकडे आले.

पुण्याच्या या शास्त्रज्ञाने नमुन्याचे तुकडे आखून बेटे मोजली, कोंब मोजले आणि गावकऱ्यांना प्रश्नही विचारले. दोन गोष्टी उघड झाल्या. खात्याचा मूळ अंदाज कित्येक पटींनी फुगलेला होता. दुसरी गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. काटेरी कळकाच्या बेटाच्या बुडाशी काट्यांची दाट जाळी असते. वनखात्याची पद्धत अशी की तोडणीबरोबर ही जाळी साफ करावी, म्हणजे बेट मोकळे होते आणि नवे कोंब सरळ वाढतात. गावकऱ्यांनी सांगितले की साहेब, उलट होते. जाळी काढली की गुरे, वानरे आणि साळिंदर कोवळे कोंब खाऊन टाकतात. जाळी हेच कोंबाचे कुंपण. शास्त्रज्ञांनी साफ केलेली आणि न केलेली बेटे ताडून पाहिली. गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. ही गोष्ट जाणणारी माणसे रानातच राहत होती. विचारण्यासाठी कोणी फार लांब जाण्याची आवश्यकता नव्हती. पण कार्ययोजनेत बेटांची संख्या, काठ्यांची संख्या आणि टन यांना रकाने असतात. बुरडाला किंवा गुराख्याला काय ठाऊक आहे, याला रकाना नसतो.

पुढे काळी नदीवर धरण झाले, त्यात जुने सुपे गाव बुडाले आणि तालुक्याचे नाव जोयडा राहिले. त्याबरोबर कितीतरी घरांचे पाये, विहिरी आणि मसणवटेही पाण्याखाली गेले. नियमांप्रमाणे हीसुद्धा पुराव्याची साधने आहेत.

जुने कागद चाळून माझ्या अशिलाच्या हाती नक्की काय लागते? नाव तर कोठेच नाही. कुमरी करणारे लोक गॅझेटियरात जातीच्या नावाने येतात, माणसांच्या नावाने नाही. त्यांचे तुकडे नकाशात नाहीत, कारण ते सवलत मानलेले. ज्या अहवालांनी त्यांना वगळले, तेच अहवाल पुरावा म्हणून आणा, असे आता त्यांना सांगितले जाते. सुदैवाने तेराव्या नियमात आणखी दोन साधने आहेत. अर्जदाराखेरीज इतर वृद्धांचे लेखी उतरविलेले जबाब, आणि देवस्थानासारख्या जागा.

मी त्या गृहस्थांना विचारले, "गावात देवाची राई आहे का?"

"आहे की वकीलसाहेब," ते म्हणाले, "तिथे आम्ही पातेरासुद्धा उचलत नाही. पण सरकारी नकाशात ती नाही."

आठवड्याभरात त्यांनी आणि गावच्या चौघांनी दोरी घेऊन राई मोजली. कोणत्या बाजूला कोणते झाड, पाट कोठून येतो, दगड कोठे आहे, हे शाळेच्या वहीत उतरवून आणले. ऐंशी ओलांडलेल्या दोघांचे जबाबही तयार आहेत. पुढच्या सुनावणीला ही वही मी अर्जासोबत दाखल करणार आहे, आणि तिच्या मागे बुकॅननच्या प्रवासवृत्तातील कारवारच्या पानाची प्रत, त्याचा शेवटचा शेरा न गाळता.